आठवड्याचा स्पेशल लावायचा तर आधी वार ओळखा

ताई, बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. इंदिरानगरला तुमचं बावीस खुर्च्यांचं शाकाहारी भोजनालय आहे, सुरू होऊन आठ महिने झाले. दुपारी थाळी बरी जाते, पण मंगळवार ते गुरुवार संध्याकाळी निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतात. कुणीतरी सांगितलं म्हणून तुम्ही रोज एक स्पेशल लावला. सात वारांचे सात पदार्थ, दीड महिना. माल वाया गेला, आचारी वैतागला आणि गिऱ्हाईक काही वाढलं नाही. आता तुम्ही विचारता की नाशिकला ही पद्धत चालते तरी का, आणि चालत असेल तर आपलं चुकलं कुठे.

चालते. मी सत्तावीस वर्षं सातपूरकडे खानावळ चालवतोय. आमच्याकडे दोनच वार ठरलेले आहेत. बुधवारी रात्री काळ्या मसाल्याचं मटण आणि शुक्रवारी रात्री शेवभाजी-भाकरी, हिवाळ्यात तिच्या जोडीला भरीत. आठवड्याचा जवळजवळ अर्धा नफा या दोन रात्रींवर उभा आहे. तुम्ही आधी पदार्थ ठरवले आणि मग ते वारांवर वाटून टाकले, चूक तिथे झाली. वार आधी बघायचा असतो.

वार आणि जेवण यांची गाठ आपल्याकडे हॉटेलं येण्याच्या कितीतरी आधीची आहे. जुन्या काळी शिकायला आलेली गरीब मुलं वार लावून जेवायची. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, अशी सात घरं. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांमध्ये अजून कुणी वयस्कर माणूस भेटला तर आपल्या घरी कोणत्या वाराचा विद्यार्थी जेवायला यायचा हे सांगतो. घराघरांतही तेच आहे. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा नाहीतर गणपतीचा, गुरुवार दत्ताचा आणि स्वामींचा, शनिवार मारुतीचा. या चार वारी नाशिकमधली कितीतरी घरं मटण-मासे खात नाहीत. उरले बुधवार, शुक्रवार, रविवार. मांसाहारी हॉटेलवाल्याचा सगळा धंदा या तीन वारांवर चालतो. माझं मटण बुधवारी का, याचं उत्तर एवढंच आहे.

आता हेच तुमच्या बाजूने बघा. तुम्हाला मंगळवार आणि गुरुवार रडवतात. पण याच दोन दिवशी माझ्यासारख्यांकडचं गिऱ्हाईक कुठे जातं? ते घरी बसतं, कारण ज्याला बाहेर जेवायचंय त्याला मटणाच्या दुकानातली पनीरची भाजी खायची नसते. भांडी एकच असतील ही शंका त्याच्या मनातून जात नाही. त्याला स्वच्छ शाकाहारी जागा हवी असते आणि घरी होत नाही असं काहीतरी हवं असतं. गुरुवारी पाळणाऱ्यांची संख्या मंगळवारपेक्षा जास्त आहे, निदान माझ्या गल्ल्याचा अनुभव तसा आहे. दिंडोरीच्या स्वामी समर्थ सेवामार्गाची केंद्रं आपल्या शहरात गल्लोगल्ली आहेत, गुरुवारी आरतीला गेलेली माणसं आठच्या सुमारास घरी परततात आणि कित्येकांचा दिवसभराचा उपास तेव्हा सुटतो. म्हणून तुम्ही गुरुवार घ्या. फक्त गुरुवार. बाकी सहा दिवस साधी थाळी चालू द्या.

बुधवारी काही लावायचं नाही का, असं तुम्ही नक्की विचाराल. नाही. बुधवारी रात्री गाव मटणाकडे वळतं, तिथे तुम्ही अळूवडी करा नाहीतर बासुंदी, हाती काही लागायचं नाही. उलट बुधवारी संध्याकाळी गोदाघाटावरच्या आठवडे बाजारात जा. भाजी ताजी मिळते आणि अंधार पडायला लागला की भावही उतरतो. गुरुवारच्या वांग्यांची खरेदी तिथे होऊन जाईल. माल जास्त लागायला लागला की मग पंचवटीतलं मार्केट यार्ड आहेच.

आणि रविवार सकाळ तर विसराच. रविवारी सकाळी नाशिक मिसळ खायला बाहेर पडतं. गंगापूर रोडकडचे मळे, मखमलाबादची बाजू, सातपूर, गावातल्या जुन्या जागा, सगळीकडे रांगा. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा, पापड, दही, पाव, आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळं घर एका टेबलाला. आठवड्याच्या जेवणाची नाशिकमधली सर्वांत मोठी रीत हीच आहे आणि कुठल्याच हॉटेलने ती फळ्यावर लिहून सुरू केलेली नाही. जी रीत लोकांनी आधीच दुसऱ्या कुणाकडे लावून टाकली आहे, ती ओढून आणता येत नाही. उपासाचंही तसंच. साबुदाणा वडा म्हटलं की गावात सायंतारा या दुकानाचं नाव निघतं. तुम्ही तुमच्या दुकानात जरूर करा, पण तो तुमचा स्पेशल व्हायचा नाही.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही, म्हणून थोडं बाहेरचंही सांगतो. रोममध्ये गुरुवारी न्योकी, म्हणजे बटाटा आणि पीठ मळून केलेले उकडलेले गोळे, शुक्रवारी मासे आणि शनिवारी वजडी, असा क्रम जुन्या खानावळींत चालत आलाय. स्वीडनमध्ये गुरुवारी पिवळ्या वाटाण्याचं दाट सूप आणि मागून पॅनकेक. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये शुक्रवारी तळलेल्या माशांसाठी अख्खी गावं बाहेर जेवतात. ब्राझीलमध्ये काळ्या घेवड्याची आणि डुकराच्या मांसाची फेजोआदा बुधवारी आणि शनिवारी. यातल्या बऱ्याच रीतींच्या मुळाशी ख्रिस्ती लोकांचा शुक्रवारचा मांस न खाण्याचा नेम आहे. शुक्रवारी मांस नाही म्हणून मासे, आणि उद्या उपास म्हणून गुरुवारी पोटभर जड जेवण. श्रावणाच्या आधी आपली गटारी असते, त्यातलाच हा प्रकार, फक्त दर आठवड्याला. तिथल्या हॉटेलवाल्यांनी लोकांचा नेम ओळखला आणि त्या नेमाशेजारी आपली कढई मांडली.

नेमाइतकाच महत्त्वाचा आहे पगार आणि सुट्टी. सातपूर-अंबडच्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते. दुसऱ्या शहरात शनिवारची रात्र जशी, तशी आमच्याकडे शुक्रवारची. सकाळच्या पाळीला उठायचं नसतं, माणूस बायकापोरांना घेऊन निवांत जेवायला येतो. शुक्रवारची शेवभाजी मी उगाच शुक्रवारी ठेवलेली नाही. तुमच्या इंदिरानगरला बँकेतले, शाळेतले, आयटीतले लोक आहेत आणि अंबडला जाणारेही खूप आहेत. आठवडाभर तुमच्या दुपारच्या गिऱ्हाइकाला पाणी देताना सहज विचारा, सुट्टी कधी असते. मी सुरुवातीला महिनाभर हे विचारून वहीत लिहिलं होतं. धंद्यासाठी केलेला इतका स्वस्त आणि इतका उपयोगी अभ्यास दुसरा नाही.

आता पदार्थ. स्पेशल म्हणजे जे रोज करणं परवडत नाही ते. कारण पैशाचं नसतं, वेळेचं आणि हातांचं असतं. पनीर बटर मसाला रोज होतो, त्याला स्पेशल म्हणून गुरुवारी फळ्यावर चढवलं तर गिऱ्हाइकाला कळतंच. दुसरी कसोटी अशी की घरी करायला कंटाळा येतो पण खायला जीव तळमळतो असा तो असावा. पुरणपोळी, मांडे, अळूवडी, कोथिंबीरवडी, पातोडी रस्सा, डुबुकवडे, भरीत, वरण-बट्टी हे त्या जातीचे पदार्थ आहेत. तिसरी कसोटी स्वयंपाकघराची. पदार्थाचे दोन टप्पे पडले पाहिजेत. एक टप्पा दुपारी गिऱ्हाईक नसताना उरकावा आणि दुसरा ताट मागितल्यावर दहा मिनिटांत व्हावा. जो पदार्थ संध्याकाळी सगळाच्या सगळा तयार होऊन पातेल्यात बसतो, तो उरला की गेला.

या तीनही कसोट्यांना तुमच्यासाठी मला वरण-बट्टी सर्वांत सरस वाटते. सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या पट्ट्यात जळगाव-धुळ्याकडून नोकरीसाठी आलेली कितीतरी घरं आहेत. त्यांच्यासाठी बट्टी म्हणजे गावचा भंडारा. मोठमोठ्या कढया, घोटलेली वांग्याची भाजी, पंगतीत वाढणारा बादली घेऊन धावतोय. हे फ्लॅटमध्ये होत नाही. दोन माणसांसाठी कोण बट्ट्या उकडून तळत बसणार?

तुमच्या आचाऱ्याला येत असेलही, पण मी आमच्याकडची रीत जरा खोलात सांगतो, कारण बट्टीत हमखास फसगत होते. गहू रवाळ दळलेला हवा. पोळीचं पीठ घेतलंत तर बट्टी चिवट होते. पाच वाट्या गव्हाच्या रवाळ पिठाला एक वाटी मक्याचं पीठ घाला, त्याने खुसखुशीतपणा येतो. मीठ, हळद, हातावर चोळलेला ओवा आणि तेलाचं कडकडीत मोहन. मोहन किती, तर पीठ मुठीत दाबलं की मूठ वळली पाहिजे आणि बोटाने टिचकी मारली की फुटली पाहिजे. सोडा चिमूटभरच, जास्त झाला की तळताना तेल पिते. घट्ट मळायचं, पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट, आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. मग जाड पोळी लाटून तिला तेल लावायचं, गुंडाळी करायची, पुन्हा थोडी दाबायची. या गुंडाळीतूनच पदर सुटतात. आता चाळणीत ठेवून वीस-पंचवीस मिनिटं वाफवायच्या. सुरी घालून बघा, कोरडी निघाली पाहिजे. इथे पहिला टप्पा संपला. गार झाल्या की कापून झाकून ठेवायच्या. ताट मागितलं की मध्यम आचेवर तळायच्या. आच मोठी ठेवली तर वरून लाल होतात आणि आत वाफेचा ओलसरपणा तसाच राहतो. एक किलो पिठात वीस-बावीस बट्ट्या निघतात. ताटात दोन वाढायच्या आणि तिसरी मागणार हे धरून चालायचं.

वरण तुरीचं, थोडं दाट, त्याला हिंग-जिऱ्याची फोडणी आणि चवीपुरता गूळ. ते बट्टी कुस्करून त्यावर ओतायचं असतं, म्हणून पातळ केलं तर ताटभर पळतं. वर साजूक तूप. इथे हात आखडू नका. ताटाला पंधरा ग्रॅम तूप लागतं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर, पळीने, बट्टीवर. तूप आधीच घालून आणलेलं ताट आणि समोर वाढलेलं ताट यात तूप तेवढंच असलं तरी समाधान तेवढं नसतं, हे मी वर्षानुवर्षं बघतोय. वांग्याच्या भाजीचा मात्र गुरुवारी विचार करावा लागतो. काही जण उपास सोडताना कांदा-लसूण खात नाहीत. आमच्याकडे दोन पातेली असतात. मोठ्यात कांदा-खोबऱ्याचं काळं वाटण, छोट्यात नुसतं दाण्याचं कूट, तीळ आणि आलं-मिरची. छोटं पातेलं पाच-सात ताटांपुरतंच, पण ज्याला ते मिळतं तो माणूस तुम्हाला सोडत नाही.

उरलं तर काय? तळलेल्या बट्ट्या उरवायच्याच नाहीत. वाफवलेल्या उरल्या तर रात्रीच फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामगारांच्या नाश्त्याला चुरून फोडणी द्यायची. गिऱ्हाइकाला नाही. वरण साठ अंशांच्या वर गरम ठेवता आलं तर रात्रभर ठीक राहतं. कोमट ठेवून सारखं सारखं तापवलंत तर तुरीचं वरण उन्हाळ्यात दोन-तीन तासांत दगा देतं. उरलेलं वरण शुक्रवारच्या थाळीत घालण्याचा मोह प्रत्येकाला होतो. एकदा जरी घातलंत तरी रोजचं गिऱ्हाईक ओळखतं, कारण ते तुमचं वरण तुमच्यापेक्षा जास्त वेळा जेवलेलं असतं.

हिशेबाबद्दल तुम्ही फार काही लिहिलं नाहीत, पण त्यावाचून सगळं फुकट आहे. ताटाला लागणारा प्रत्येक जिन्नस ग्रॅममध्ये लिहा. पीठ, डाळ, वांगी, तूप, तळणाचं तेल, दाणे, मसाला, ताटाकडेची चटणी-कांदा-लिंबूसुद्धा. त्याला त्या आठवड्याचा भाव लावा. समजा पंचावन्न रुपये आले, तर ताट 160 च्या खाली विकू नका. माल विक्रीच्या पस्तीस टक्क्यांच्या आत राहिला तरच भाडं, पगार, गॅस आणि तुमचे स्वतःचे चार पैसे निघतात. हॉटेलच्या बिलावर पाच टक्के जीएसटी लावत असाल तर खरेदीवर भरलेला कर परत मिळत नाही, तोही मालाच्या खर्चातच धरा. आणि स्पेशल स्वस्त देऊ नका. रोजच्या थाळीपेक्षा तो वीस-तीस रुपयांनी महागच हवा. सवलतीला येणारा माणूस पुढच्या गुरुवारी दुसरीकडच्या सवलतीला जातो. मागे एका डिलिव्हरी ॲपच्या माणसाने मला शुक्रवारच्या शेवभाजीवर सवलत लावायला लावली. तीन आठवडे ऑर्डरी वाढल्या आणि इथे येऊन बसणारं गिऱ्हाईक शेवभाजी संपली म्हणून परत गेलं. चौथ्या आठवड्यात मी स्पेशल पार्सलला देणंच बंद केलं. तुमच्या बट्टीचं तर पार्सल नकोच. वाफ धरली की अर्ध्या तासात ती मऊ पडते.

मला सर्वांत कळकळीने सांगायचंय ते पुढचं. वार एकदा ठरला की तो मोडायचा नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमचे वस्ताद, म्हणजे मुख्य आचारी, भाचीच्या लग्नाला गावी गेले, सोमवारी येणार होते, आले गुरुवारी. त्या बुधवारी मी मटण केलंच नाही. दुसऱ्याच्या हाताचं करून नाव कशाला घालवा, असा विचार केला. रात्री आठ वाजता अंबडच्या एका कंपनीतून निवृत्त झालेले फोरमन आले. दर बुधवारी यायचे, कोपऱ्यातलं टेबल त्यांचंच. त्या दिवशी बरोबर मुलगी आणि नवा जावई. मी सांगितलं, काका, आज मटण नाही. ते काही बोलले नाहीत. तिघं साधी थाळी जेवले, बिल देऊन गेले. जाताना जावयाला हळू आवाजात म्हणाले, "दर बुधवारी असतं हो इथे." ते वाक्य मी गल्ल्यावर बसून ऐकलं. त्यांनी आपल्या भरवशावर जावयाला आणलं होतं आणि तो भरवसा माझा होता. त्यानंतर तीन महिने ते आले नाहीत. मी घरी जाऊन त्यांना बोलावून आणलं तेव्हा आले.

तेव्हापासून दोन गोष्टी केल्या. पहिली, स्पेशल करता येणारी माणसं कायम दोन. वस्तादांच्या हाताखाली त्यांचा पुतण्या तयार केला, महिन्यातला एक बुधवार तोच करतो, वस्ताद हजर असले तरी. दुसरी, स्पेशलच्या दिवशी खाडा नाही, आणि त्या बदल्यात त्या रात्रीचे वेगळे पैसे, आचाऱ्यालाही आणि भांडी घासणाऱ्या मावशींनाही. त्या रात्री कढया जास्त पडतात आणि ते काम कुणाच्या नजरेत भरत नाही. तुमचा आचारी सात पदार्थांनी वैतागला म्हणता, त्यात त्याची काही चूक दिसत नाही. त्याला एकच पदार्थ द्या आणि तो उत्तम करायला सवड द्या.

वार मोडायचा नाही म्हटलं, पण वारावर तिथी येऊन बसते त्याचं काय? त्यासाठी माझ्या गल्ल्यामागे कालनिर्णय टांगलेलं असतं आणि महिना सुरू झाला की मी त्यावर पेन्सिलीने खुणा करतो. गुरुवारी एकादशी आली तर बट्टी ठेवा, पण ताटं निम्मी करा आणि जोडीला भगर-आमटी लावा. नाशिकला भगर चांगली मिळते, दाण्याची आमटी दाट करा. मार्गशीर्षातले गुरुवार तुमच्यासाठी सोन्याचे आहेत. घरोघरी महालक्ष्मीची पूजा असते, बायका दिवसभर उपास करून रात्री गोडाधोडाचं जेवतात. त्या चार-पाच गुरुवारी बट्टीच्या ताटात थोडी खीर किंवा शिरा घाला, पैसे वाढवू नका. संकष्टी गुरुवारी पडली तर गर्दी चंद्रोदयानंतर येते, म्हणजे नऊच्या पुढे. कालनिर्णयमध्ये चंद्रोदयाची वेळ दिलेली असते. त्या रात्री साडेनऊला कढई उतरवलीत तर ऐन वेळी गिऱ्हाईक दारातून परत जाईल.

श्रावणाचं वेगळं लिहायला हवं, कारण शाकाहारी हॉटेलचा तो हंगाम. त्या महिन्यात सोमवारही तुमचाच. श्रावणी सोमवार संध्याकाळी सोडतात, लोक साडेसहा-सातपासूनच भुकेलेले असतात. केळीच्या पानावर वरण-भात, बिरडं नाहीतर मटकीची उसळ, अळूची भाजी, एखादं गोड, सगळं कांदा-लसणाशिवाय. चार सोमवार, फार तर पाच. तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी करून येणारी माणसं रविवार रात्रीपासून रस्त्यावर असतात. मी त्र्यंबक रोडच्या बाजूला असल्यामुळे ती गर्दी माझ्याकडे येते, तुमच्याकडे फारशी यायची नाही. तिच्यासाठी तयारी वाढवू नका.

फळा दारात लावा, आत नको. त्यावर दर गुरुवारी तेच शब्द, त्याच जागी: गुरुवार, वरण-बट्टी, रात्री सात ते संपेपर्यंत, आणि दर. 'आजचे खास आकर्षण' वगैरे नको. रस्त्याने स्कूटरवर जाणारा माणूस चार आठवडे तो फळा नुसता बघतो, पाचव्या आठवड्यात थांबतो. व्हॉट्सॲपवर बुधवारी संध्याकाळी एकच निरोप पाठवा, ताटाचा स्वतः काढलेला फोटो लावून. संपलं की फळा उलटा करा आणि "संपलं" असं स्पष्ट सांगा. मनाला लागतं, समोरचा माणूस हिरमुसतो. तरी ऐन वेळी कच्च्यापक्क्या बट्ट्या तळून देऊ नका. त्याचं नाव विचारा आणि पुढच्या गुरुवारी दोन ताटं बाजूला ठेवतो म्हणून सांगा. आणि खरंच ठेवा.

वहीत पाच रकाने आखा. तारीख, किती ताटं केली, किती गेली, किती वाजता संपलं, आणि शेवटचा रकाना पाऊस, परीक्षा, मॅच, लग्नाची तिथी असं काही असेल तर त्यासाठी. यातला "किती वाजता संपलं" हा रकाना माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. सव्वानऊच्या आसपास संपलं तर अंदाज बरोबर. आठलाच संपलं तर पुढच्या आठवड्यात पाच ताटं वाढवा, पंधरा नाही. लागोपाठ दोनदा उरलं तर पाच कमी करा. माझ्या शुक्रवारची सुरुवात चौदा ताटांनी झाली होती. दुसऱ्या आठवड्यात अकरा गेली, तिसऱ्यात मुसळधार पाऊस आणि सहा. सहाव्या आठवड्यापर्यंत मी घरी रोज ऐकून घेत होतो की हे बंद करा. तिसऱ्या महिन्यात तीसचा आकडा आला, आणि पुढच्या हिवाळ्यात भरीत लावल्यावर सत्तर. तुम्ही दीड महिन्यात सात पदार्थ केलेत, म्हणजे प्रत्येक पदार्थाला सहाच संधी मिळाल्या. एका पदार्थाला सलग बारा गुरुवार द्या. त्याआधी चाललं की नाही चाललं हे ठरवू नका.

पदार्थ बदलायचा की नाही, हे तुम्ही शेवटी विचारलंय. मूळ पदार्थ बदलू नका, त्याच्या बाजूचं ऋतूप्रमाणे बदला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जळगावकडची हिरवी-पांढरी भरताची वांगी बाजारात आली की घोटलेल्या भाजीऐवजी भरीत द्या. वांगी भाजताना गॅसवर भाजू नका, काडी-काटक्या नाहीतर निदान कोळसा वापरा. धुराचा वास हाच त्या भरताचा मसाला. भाजलेली वांगी पाण्याखाली धरून सोलायची नाहीत, सगळी चव वाहून जाते. तेलाचा हात लावून सोलायची. एक किलो वांग्यांचा सोलून साडेसहाशे-सातशे ग्रॅम गर निघतो, हिशेब त्यावर धरा. उन्हाळ्यात कैरीचं पन्हं द्या, आषाढात ताटाकडे एखादी तळलेली मिरची वाढवा. एवढा बदल पुरतो.

पहिल्या गुरुवारी पंचवीस ताटांची तयारी करा. साडेतीन किलो पीठ, दीड किलो तूरडाळ, साडेतीन किलो वांगी, चारशे ग्रॅम तूप. वांगी बुधवारी संध्याकाळी घाटावरून आणा, मध्यम आकाराची, देठ हिरवा आणि काटेरी बघून. पीठही बुधवारीच दळून घ्या. गिरणीत नुसतं "बट्टीचं" म्हणा, सिडकोतल्या कुठल्याही गिरणीवाल्याला त्याचा अर्थ बरोबर कळतो.